मधली पांढरी जागा

"बसलीस तिथलं राहून जाईल हं, पोरी."

राहेलमावशी हे म्हणाल्या तेव्हा मी चर्चच्या हॉलमध्ये फरशीवर गुडघे टेकून नकाशा रंगवत होते. नगरपालिकेतून आणलेला गावाचा नकाशा, चार कागद चिकटवून मोठा केलेला. चर्चचं फाटक मध्ये धरून मी दोरीनं एक किलोमीटरचा गोल काढला होता. त्या गोलाचे पाच भाग, पाच रंग. स्टेशन रस्ता निळा, सूतगिरणीची चाळ हिरवी, घाटगे मळा पिवळा. हन्ना मावशींच्या मांडीवर बसून त्यांच्या पांढऱ्या पदराचं टोक चोखत होती. आठ महिन्यांची होती. दर दोन मिनिटांनी मी मान वर करून बघत होते, तिनं पेन्सिलीचं टोक तर तोंडात घातलं नाही ना.

"काय राहील, मावशी?"

"हे मधलं. पांढरं ठेवलंस ते."

"ते आपलं कंपाउंड. तिथं कोणाला काय विचारायचंय? सगळे आपलेच."

"हो, ते झालंच. पण माझी आई मला सारवायला बसवायची ना, तेव्हा सारखी ओरडायची. चारी कोपरे गुळगुळीत, आणि बसलीस तिथलं तसंच ठेवून उठलीस, म्हणायची."

"मावशी, आता फरशी आली," मी म्हटलं.

त्या हसल्या. मीही हसले आणि निळी पेन्सिल उचलली.

या गोष्टीला सात वर्षं झाली. हन्ना आता दुसरीत आहे.

त्या जानेवारीत आमच्या चर्चच्या मंडळीतले पाटोळेकाका गेले. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्त झालेले. मुलगे पुण्याला. घरात मरून पडले आणि चार दिवसांनी शेजाऱ्यांनी दार फोडलं. त्या चार दिवसांत एक रविवार येऊन गेला होता. आम्ही सगळ्यांनी उपासनेला येऊन गाणी म्हटली होती.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी पंचकमिटी बोलावली. पाळक म्हणून ओहोळसाहेब तेव्हा नवीनच बदलून आले होते, जेमतेम पस्तिशीचे. मीही त्या बैठकीला होते, कारण समाजशास्त्रात एम.ए. झालेली मंडळीत मी एकटीच. लग्नाआधी एका कॉलेजच्या पाहणीत मी दीड वर्ष घरोघर फॉर्म भरले होते. हन्ना झाल्यावर ते सगळं सुटलं होतं. दिवसभर घरात तिचे श्वास मोजत बसायचे. झोपली की नाकाखाली बोट धरून बघायचे. नोएल, माझे मिस्टर, म्हणायचे, अगं बाहेर पड जरा, नाहीतर त्या पोरीआधी तूच आजारी पडशील.

"आपल्या आजूबाजूला कोण राहतं, ते आपल्याला माहीत आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे काय," लेवीमास्तर म्हणाले. लेवीमास्तर चक्रनारायण, कमिटीतले सगळ्यांत जुने पंच. "तरुण जोडपी, लहान मुलं. म्हणून तर मी दोन वर्षं सांगतोय, इंग्रजी बालवाडी काढा. हॉल रिकामा पडलाय."

"किती मुलं असतील?"

"असतील की भरपूर."

"मास्तर, मला भरपूर नको, आकडा हवा." त्यांनी माझ्याकडे हात केला. "शलोमीताई म्हणतात, घरोघर जाऊन पाहणी करता येईल. माणसं किती, वयं काय, कोणाची काय अडचण. आपल्यातली घरं आणि बाहेरची, सगळीच."

"जनगणना सरकारचं काम आहे, साहेब. आपलं काम भक्ती."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "पाटोळेकाका तिसऱ्या बाकावर बसायचे. त्या रविवारी तो बाक रिकामा होता. तुम्ही चौथ्यावर बसता, मास्तर."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"मला एवढंच हवंय," साहेब म्हणाले, "पुन्हा या एका किलोमीटरात कोणी असं जाता कामा नये."

असं ते ठरलं. चौदा प्रश्नांचा फॉर्म मी केला. शेवटचा प्रश्न माझ्या मनानं घातलेला होता: अडचण आली तर आधी कोणाला हाक माराल? नाव लिहा.

फॉर्म घेऊन पहिल्या दिवशी मी एकटीच स्टेशन रस्त्याला गेले. चार दारं वाजवली, तीन माझ्या तोंडावर लागली. चौथ्या दारातला माणूस म्हणाला, "चर्चकडून? नाव-गाव लिहून घेता, मग हळूच धर्म बदलायला लावता. माहितीये आम्हाला."

रडत कंपाउंडात परतले. राहेलमावशी आपल्या खोलीबाहेर कट्ट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. राहेलबाई हिवाळे. चाळीस वर्षं मिशनच्या बायबलबाई म्हणून वाड्यावस्त्यांवर हिंडलेल्या. बायकांना वाचायला शिकवलं, बाळंतिणींची सेवा केली, आजाऱ्यांजवळ बसल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तरी पांढरी साडी सुटली नव्हती. बोर्डिंगच्या जुन्या स्वयंपाकघरामागची खोली मिशननं त्यांना राहायला दिली होती.

"उद्या मी येते," त्या म्हणाल्या. "पोरगी माझ्या कडेवर दे, तू फॉर्म धर."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच दाराशी. तोच माणूस.

"परत आलात? सांगितलं ना, आम्हाला धर्म बदलायचा नाही."

"मला तरी कुठं बदलायचाय तुझा धर्म, शिवाजी?" मावशी म्हणाल्या. "तुझ्या आजीच्या पायाची पट्टी बदलायला मी पावणेदोन वर्षं येत होते. तू तेव्हा चड्डीत नाचायचास. पाणी दे जरा, उन्हातून आलोय."

शिवाजी लाजला, दार उघडलं. त्याच्या बायकोनं चहासुद्धा टाकला.

बाहेर आल्यावर मावशींनी मला शिकवलं. "दारात उभं राहून विचारू नये काही. आत बस, पाणी माग. पाणी कोण आणतं ते बघ. यायला किती वेळ लागतो ते बघ. एकटं माणूस असलं ना, की आधी पेला विसळल्याचा आवाज येतो. त्याच्याकडे वापरातला पेला एकच असतो."

"आणि हे कुटुंबातील सदस्यसंख्या काय लिहिलंस? असं विचारलं की लोक गावी गेलेली माणसंपण सांगतात. विचारायचं, रोज पानं किती मांडता?"

मी फॉर्मवरचा प्रश्न खोडून तसा लिहिला. आज माझ्याकडून जो फॉर्म जातो, त्यावरही तो तसाच आहे.

सात आठवडे आम्ही दोघी हिंडलो. इतर चार भागांतही बायका-पोरं जात होती, पण अडलेली दारं शेवटी मावशींकडेच यायची. चाळीत बिहारहून आलेली सोळा पोरं दोन खोल्यांत राहत होती, पाळीपाळीनं झोपायची. मावशींनी त्यांना विचारलं, "आईला फोन कधी केलास?" एकेकानं खाली बघितलं. घाटगे मळ्यात एक निवृत्त तलाठी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळे. आतून पेला विसळल्याचा आवाज आला आणि मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं: एकटे.

हन्ना मावशींच्या कडेवर मोठी होत होती. त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपायची. माझी नजर सारखी तिच्यावर. ऊन लागतंय का, कोणी खोकलं का जवळ, नळाचं पाणी तर पाजलं नाही ना. मावशी म्हणायच्या, "अगं, डोळे दुखतील तुझे. एवढं कोणी बघतं का?"

पाहणी संपत आली तसं एक झालं. जिने उतरताना मावशी माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागल्या. हन्नाला माझ्याकडे द्यायच्या आणि हात ठेवायच्या, जरा घट्टच. मला वाटलं, मायेनं ठेवतात.

शेवटचं घर झालं, त्या दिवशी आम्ही फाटकाशी लिंबाखाली उभ्या होतो.

"झालं सगळं? कोणी राहिलं नाही?"

"नाही मावशी. सहाशे बारा घरं."

"फॉर्म उरले का गं?"

"उरले की वीसेक."

"ठेव जपून," मावशी म्हणाल्या आणि खोलीकडे वळल्या.

कंपाउंडच्या आतली घरं तेवढी राहिली होती, पाळकांचा बंगला धरून सहा. त्यांचे फॉर्म आम्ही भरलेच नाहीत. पाळकसाहेबांनी मंडळीचं रजिस्टर दिलं. "आपल्या लोकांची कुटुंबवार नोंद यात आहेच. यातून उतरवून घ्या, ताई, तुमची एक खेप वाचेल."

मी उतरवून घेत होते. पान नववं: हिवाळे. कुटुंबप्रमुख दाऊद हिवाळे, पत्नी, दोन मुलं, बहीण राहेल. एकूण पाच. माझा हात थांबला. दाऊदमामा म्हणजे मावशींचा धाकटा भाऊ. ते सगळं कुटुंब सहा वर्षांपूर्वीच पिंपरीला गेलं होतं, दाऊदमामा तर तिकडेच वारलेसुद्धा.

"साहेब, हे हिवाळ्यांचं जुनं आहे."

साहेबांनी वाकून बघितलं. "नावं काढायला कमिटीचा ठराव लागतो. सध्या आहे तसं घ्या, पुढच्या बैठकीत बघू."

हन्ना रडायला लागली होती. मी लिहिलं: माणसं पाच.

कोणाला वाटेल, मला माहीत नव्हतं. रोज तर बघत होते मी. त्यांच्या कट्ट्यावर बसून हन्नाला भरवत होते. पण त्या चहा घेऊन बाहेर यायच्या आणि कट्ट्यावरच बसायच्या, आणि त्यांच्या खोलीत जाऊन मी कधी पाणी मागितलं नव्हतं.

अहवाल एप्रिलच्या एका गुरुवारी संध्याकाळी सहाला वाचायचा ठरला. अख्खी मंडळी बोलावली होती, चाळीतलीही काही माणसं आली होती. हॉल भरलेला, पंखे घरघरत होते, म्हणून माईक लावला. हन्नाला दुपारपासून कणकण होती. नोएल तिला घेऊन मागच्या दारात उभे होते आणि मी बोलताना तिच्याकडेच बघत होते.

हॉलमध्ये शिरताना मी दोन गोष्टी बघितल्या. मावशींच्या खोलीपुढच्या तारेवर त्यांची पांढरी साडी वाळत होती. आणि पहिल्या रांगेत, जिथं त्या नेहमी बसायच्या, तिथं त्या नव्हत्या.

"मावशी कुठायत?" मी मास्तरांना विचारलं.

"पिंपरीला गेल्या असतील. भावाच्या नातीचं लग्न आहे म्हणत होत्या ना?"

म्हणत होत्या खऱ्या. पण लग्न पुढच्या आठवड्यात होतं. आणि राहेलमावशी दिवस कलल्यावर तारेवर कपडा ठेवत नाहीत, हेही मला माहीत होतं. साडीवर पाखरं घाण करतात म्हणून त्या पाचलाच काढून घ्यायच्या. हे सगळं माझ्या मनात आलं. सुटलं नाही. सुटलं असतं तर कदाचित मला पुढची वर्षं सोपी गेली असती. घाईत निघाल्या असतील, मी मनाशी म्हटलं आणि माईकसमोर गेले.

छान झालं सगळं. बालवाडीच्या वयाची मुलं फक्त एकेचाळीस निघाली होती, साठी ओलांडलेली माणसं दोनशे अठरा. मास्तर चष्मा पुसायला लागले. "आपल्याला वाटत होतं आपल्याभोवती लहान मुलं आहेत," मी वाचलं, "प्रत्यक्षात आपल्याभोवती म्हातारी माणसं आहेत. त्यांपैकी अगदी एकटे राहणारे, एकतीस." मग मी सगळ्यांचे आभार मानले. शेवटी म्हणाले, "आणि ज्यांच्याशिवाय एकही दार उघडलं नसतं, त्या आपल्या राहेलमावशी. राहेलमावशी हिवाळे!"

टाळ्या बराच वेळ चालल्या.

एकतीस नावांपुढे मंडळीतल्या एकतीस घरांची नावं लिहिली गेली. रोज एक फेरी, निदान दारातून हाक. मास्तरांनी स्वतःहून आंधळ्या तलाठ्यांचं नाव मागून घेतलं. मी हन्नाच्या कपाळाला हात लावला, ताप वाढला होता. रिक्षा करून आम्ही घरी गेलो. मावशींच्या खोलीवरून गेलो. दिवा नव्हता.

शुक्रवारी दुपारी हन्नाचा ताप उतरला, तेव्हा तिला सासूबाईंकडे ठेवून मी यादी फलकावर लावायला आले. कडक ऊन होतं, कंपाउंडात चिटपाखरू नव्हतं. साडी तारेवर तशीच होती. निळ्या दोऱ्यानं पदर रफू केलेली, कालचीच. उन्हानं विटेल म्हणून मी ती काढली, घडी केली आणि आत ठेवावी म्हणून त्यांचं दार ढकललं. दार नुसतं लोटलेलं होतं.

त्या मोरीपाशी जमिनीवर होत्या. डोळे उघडे होते. ओठ कोरडे पडून फाटले होते. बादलीतलं पाणी हाताला लागेल एवढ्यावर होतं, पण हात पोचला नव्हता.

"साडी काढलीस का?" त्या म्हणाल्या. आवाज असा की मला वाकून ऐकावं लागलं.

बुधवारी सकाळी साडी वाळत घालून आल्या आणि मोरीत पाय सरकला होता. त्या दिवशी बुधवार, मग गुरुवार, मग शुक्रवार.

मी पेला शोधला. फळीवर एकच होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, त्यातून अंगातलं पाणी गेलंय, मूत्रपिंडावर ताण आलाय. पिंपरीहून भाचा आला, सारखा मान खाली घालून बसायचा. पाळकसाहेब रोज यायचे, प्रार्थना करायचे आणि माझ्याकडे न बघता निघून जायचे. मास्तर दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायचे.

पाचव्या दिवशी मावशींना जरा बरं वाटत होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"फॉर्म आहे का गं तुझ्या पिशवीत? उरलेला?"

होता. माझ्या पिशवीत तेव्हा दुधाची बाटली आणि फॉर्म कायम असायचे.

"भर माझा."

"मावशी, आता कशाला..."

"भर म्हणते ना."

मी पेन काढलं. नाव लिहिलं. वय त्यांनी अठ्ठ्याहत्तर सांगितलं, मग म्हणाल्या, मिशनच्या कागदावर, खरं देवाला माहीत. शिक्षण, सातवी. मग तो प्रश्न आला. मला विचारता येईना.

"विचार की. पानं किती?"

"पानं किती, मावशी?"

"रजिस्टरात पाच आहेत ना? लिही पाच." त्या हसायला बघत होत्या.

"मावशी."

"मग लिही एक."

मी लिहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी पडून शाई फुटली.

"मला सांगायचं होतंत ना," मी म्हटलं, "रजिस्टर चुकलंय म्हणून. एका शब्दानं तरी सांगायचं."

"चुकलं कसं?" त्या छताकडे बघत म्हणाल्या. "दरवर्षी कमिटीवाले विचारायचे, नावं काढू का. मीच म्हणायचे राहू द्या. दाऊदचं नाव, पोरांची नावं. काढली की गेली ती कायमची. कागदावर तरी घर भरलेलं असू दे म्हटलं."

"पण मी तर बघत होते..."

"मीपण बघत होते की. तुझ्या एकतीस जणांतल्या कितीतरी घरी मी तुझ्याबरोबर गेले, शलोमी. एकदाही वाटलं नाही, आपण यांच्यातलेच. त्यांची कीव करत होते मी. मोरीत पडले तेव्हा कळलं."

नर्स येऊन सलाईन बघून गेली. मला वाटलं मावशी झोपल्या. फॉर्मवर एकच जागा उरली होती. मी फॉर्म दुमडत होते.

"शेवटचा राहिला," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "अडचण आली तर आधी कोणाला हाक माराल."

मी दुमडलेला फॉर्म पुन्हा उघडला.

"मारली होती," त्या म्हणाल्या. "बुधवारी दिवसभर मारली. मग आवाज गेला. गुरुवारी बाकं सरकवल्याचा आवाज आला, तेव्हा म्हटलं आता माणसं आली. पण तुम्ही माईक लावला. सगळं ऐकू येत होतं गं मला. छान वाचलंस. एकेक आकडा स्पष्ट." त्या थांबल्या, श्वास घेतला. मी तो मोजला. "एकतीस म्हणालीस. मला वाटलं, आता थांबेल, बत्तीस म्हणेल."

"मावशी, नका..."

"मग तू माझं नाव घेतलंस. मी ओ दिली."

त्यांचा हात माझ्या खांद्याकडे यायला बघत होता, जिना उतरताना यायचा तसा. मीच वाकून खांदा त्याच्याखाली नेला.

"तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या. तेव्हा मी जवळ होते. त्यांच्या नाकाखाली बोट धरून बसले होते.

पाहणीतून जे निघालं ते चाललंय. बालवाडी निघाली नाही. हॉलमध्ये रोज सकाळी म्हातारी माणसं येऊन बसतात, चहा पितात, पेपरावरून भांडतात. तलाठीकाका गेल्या वर्षी गेले, तेव्हा मास्तर त्यांचा हात धरून होते. दुसऱ्या गावांच्या मंडळ्या माझ्याकडे फॉर्म मागतात, आपल्या भोवती कोण राहतं ते त्यांनाही जाणून घ्यायचं असतं. मी पाठवते. बरोबर नकाशाही पाठवते आणि कळवते, रंगवायला सुरुवात मधून करा. बत्तिसावा फॉर्म मी कोणाला दाखवत नाही. चौदाव्या प्रश्नापुढची रेघ अजून कोरी आहे. तिथं नाव काय लिहायचं ते मला सात वर्षांत सुचलेलं नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या मंडळीत, वाडीत, बिल्डिंगीत, कुठंही, असं एक माणूस असतं. सगळ्यांच्या दारी तेच पुढे होतं, आजाऱ्याचा डबा त्याच्याच हाती जातो, आणि त्याचं कसं चाललंय असं कोणी विचारलं तर तुम्ही म्हणता, त्यांचं काय, ते आपलेच. आत्ता वाचताना तुम्हाला एक नाव आठवलं असेल. फोन करू नका, फोनवर सगळे ठीक असतात. जाऊन या. दारातून परत फिरू नका, आत बसा आणि पाणी मागा.

पाणी कोण आणतं, तेवढं बघा.